जळीत रुग्ण आणि पहिला डॉक्टर

एमबीबीएसच्या शल्यचिकित्सेच्या अभ्यासक्रमात भाजलेल्या रुग्णांवरचे प्रकरण लहान आहे आणि लेखी परीक्षेत त्यावर बहुधा टिपाच विचारल्या जातात. भाजलेल्या भागाची टक्केवारी मोजण्याचा नवाचा नियम लिहा, शिरेतून किती द्रव द्यायचे ते सांगणारे पार्कलँड सूत्र लिहा, जळिताच्या खोलीचे प्रकार सांगा. विद्यार्थी या टिपा चांगल्या लिहितात. पुढे इंटर्नशिप संपली की त्यांतले बरेचजण प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून जातात, आणि एखाद्या पहाटे चादरीत गुंडाळलेला रुग्ण जीपमधून त्यांच्या दारात उतरवला जातो. त्या वेळी तिथे प्लास्टिक सर्जन नसतो, जळीत कक्ष नसतो, रक्तपेढीही नसते. पहिले काही तास रुग्ण त्या तरुण डॉक्टरच्याच हाती असतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत काय झाले यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांतल्या अनेकांचा पहिला डॉक्टर आम्ही आमच्या वर्गांतून घडवतो. म्हणून जळिताचे उपचार शिकवताना मी तज्ज्ञाची भूमिका बाजूला ठेवते आणि या पहिल्या डॉक्टरला काय जमलेच पाहिजे, तेथून सुरुवात करते.

सुरुवात घड्याळापासून होते. पार्कलँड सूत्र प्रत्येकाला पाठ असते: रुग्णाचे वजन, भाजलेल्या भागाची टक्केवारी आणि ४ मिलिलिटर यांचा गुणाकार करायचा, येईल तेवढे रिंगर लॅक्टेट, म्हणजे शिरेतून द्यायचे क्षारयुक्त द्रव, पहिल्या २४ तासांत द्यायचे, त्यातले अर्धे पहिल्या ८ तासांत आणि उरलेले पुढच्या १६ तासांत. हे सूत्र डॅलसच्या पार्कलँड मेमोरियल रुग्णालयातील चार्ल्स बॅक्स्टर यांच्या १९६० च्या दशकातील कामातून आले. पाठांतरात निसटते ती गोष्ट अशी की हे ८ तास माणूस भाजला त्या क्षणापासून मोजायचे असतात. रुग्ण आपल्याकडे किती वाजता आला याचा त्या मोजणीशी संबंध नाही.

यासाठी मी फळ्यावर एकच उदाहरण घेते आणि त्यावर बराच वेळ थांबते. ५० किलो वजनाची बाई पहाटे ६ वाजता भाजली, ४० टक्के. ती आपल्यापर्यंत पोहोचली १० वाजता. वाटेत आरोग्य केंद्रात तिला एक लिटर सलाईन मिळाले आहे. सूत्राप्रमाणे २४ तासांचे ८००० मिलिलिटर होतात, त्यातले ४००० दुपारी २ वाजेपर्यंत जायला हवेत, एक लिटर आधीच गेले आहे, म्हणजे पुढच्या चार तासांत ३००० उरले, ताशी ७५०. वर्गातले बहुतेकजण ४००० ला ८ ने भागून ताशी ५०० सांगतात. चार तासांचा उशीर त्यांच्या हिशेबात कुठेच उमटत नाही, आणि आपल्याकडच्या रुग्णांच्या बाबतीत हा उशीरच सर्वांत मोठी गोष्ट असते.

त्याच उदाहरणाचा मग मी दुसरा हिशेब मांडते. अपघातग्रस्तांच्या प्राथमिक उपचारांचे जे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण डॉक्टरांना दिले जाते, त्यात २०१८ पासून प्रौढांसाठी ४ ऐवजी २ मिलिलिटरने आरंभ करावा असे सांगितले जाते, मुलांसाठी ३ ने, आणि विजेने भाजलेल्यांसाठी ४ ने. त्या हिशेबाने आपल्या या बाईला दुपारी २ पर्यंत ताशी २५० पुरतात. फळ्यावर ७५० आणि २५० हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की वर्गातून प्रश्न येतो, “मॅडम, मग बरोबर कोणते?” हा प्रश्न यावा म्हणूनच मी दोन्ही आकडे लिहिलेले असतात. उत्तर लघवीच्या पिशवीत आहे. सूत्र फक्त पहिल्या तासाचा वेग ठरवून देते, त्यानंतरचा प्रत्येक तास मूत्रपिंडे ठरवतात. प्रौढ रुग्णाला ताशी प्रत्येक किलोमागे अर्धा मिलिलिटर लघवी झाली पाहिजे, म्हणजे या बाईला किमान २५, आणि लहान मुलाला किलोमागे १ मिलिलिटर. कमी झाली तर वेग वाढवायचा आणि जास्त होऊ लागली तर तो कमी करायचा. यातली वेग कमी करण्याची गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात राहत नाही, कारण सलाईन कमी करणे म्हणजे उपचार कमी करणे असे त्यांना वाटते. जादा दिलेले पाणी हातापायांची सूज वाढवते, पोटातला दाब वाढवते, फुप्फुसांत साचते, आणि जो भाग कदाचित वाचला असता त्याचाही रक्तपुरवठा तोडते. म्हणून लघवीच्या नळीशिवाय मोठ्या जळिताच्या रुग्णाला सलाईन लावून निर्धास्त होणे मला मान्य नाही, आणि दर तासाची नोंद इंटर्नने स्वतःच्या हाताने केसपेपरवर लिहावी याबाबत मी आग्रही असते.

टक्केवारी मोजण्याचे शिक्षण रुग्णाच्या शेजारीच देता येते. वॉलेस यांनी १९५१ मध्ये मांडलेला नवाचा नियम सोपा आहे: डोके ९, एकेक हात ९, छाती व पोट मिळून १८, पाठ १८, एकेक पाय १८ आणि जननेंद्रियांचा भाग १. विखुरलेल्या जखमांसाठी रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, सुमारे १ टक्का धरायचा. विद्यार्थी नेमका इथे स्वतःचा तळहात पुढे करतात, आणि रुग्ण दोन वर्षांचा असला की हिशेब पार बिघडतो. लहान मुलांत नवाचा नियमही तसाच्या तसा लागू पडत नाही, कारण वर्षभराच्या बाळाचे डोके शरीराच्या सुमारे १८ टक्के असते आणि एकेक पाय १४ टक्के. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत आंघोळीच्या गरम पाण्याच्या पातेल्यात पडलेली, बंबाला धडकलेली मुले कायम येत असतात. त्यामुळे लंड आणि ब्राउडर यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेला वयानुसारचा तक्ता प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असायला हवा असे माझे ठाम मत आहे.

मोजण्यापूर्वी रुग्ण धुवावा लागतो. घरून येताना जखमेवर टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, कधी शेणही लावलेले असते, आणि त्याखालची कातडी कशी आहे हे कोणालाच सांगता येत नाही. हे लावणाऱ्या माणसांवर विद्यार्थी चिडतात. मी त्यांना रागावू देत नाही. त्या घरातल्या कोणीतरी घाबरून, जवळ होते ते आणून लावलेले असते, आणि भाजल्यावर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग धरावा, ही एवढी गोष्ट त्यांना कधी कोणी सांगितलेली नसते. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो. बर्फ मात्र लावायचा नाही, आणि जळीत मोठे असेल किंवा मूल लहान असेल तर अंग गार पडणार नाही याची काळजी घ्यायची. जखम थंड, माणूस उबदार, असे मी त्यांना सांगते.

नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी टक्केवारीत धरायची नाही, हेही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आणि खोलीचा अंदाज पहिल्याच दिवशी छातीठोकपणे लिहायचा नाही. जॅक्सन यांनी १९५३ मध्ये जळिताच्या जखमेचे तीन विभाग सांगितले. मधोमध मेलेला भाग, कडेला नुसता लाल झालेला भाग, आणि या दोहोंच्या मध्ये असा भाग की जिथला रक्तप्रवाह मंदावला आहे पण अजून थांबलेला नाही. हा मधला भाग पुढच्या दोन-तीन दिवसांत एकतर वाचतो किंवा मरतो. म्हणून मी प्रत्येक विद्यार्थ्याला एकाच रुग्णाचे चित्र दोनदा काढायला लावते, आल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. गुलाबी, ओलसर, स्पर्श केला तरी कळवळायला लावणारी जखम आणि पांढरट किंवा तपकिरी, चामड्यासारखी, टोचली तरी न दुखणारी जखम यांतला फरक पुस्तकातल्या रंगीत छायाचित्रांतून पुरता कळत नाही. “दुखत नाही” असे रुग्ण शांतपणे सांगतो तेव्हा काळजी वाढली पाहिजे, हे त्या दोन चित्रांतून विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. दोन चित्रे वेगळी निघाली की मधल्या भागाचे काय झाले, पाणी पुरेसे मिळाले होते का, जंतुसंसर्ग झाला का, यावर चर्चा करता येते, आणि ती चर्चा मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाची वाटते.

श्वासमार्गाबद्दल मी थोडे पण अतिशय कडकपणे शिकवते. बंद खोलीत भाजलेला माणूस, नाकातले करपलेले केस, थुंकीतली काजळी, घोगरा झालेला आवाज, यांपैकी काही दिसले तर तो आत्ता नीट बोलतो आहे यावर विसंबून त्याला लांबच्या प्रवासाला पाठवायचे नाही. सूज तासागणिक वाढते आणि दोन-तीन तासांनी नळी घालायला जागाच उरत नाही. बोटाला लावलेले ऑक्सिजन मोजण्याचे यंत्रही इथे फसवते, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. आकडा ९८ दाखवतो आणि रुग्ण गुदमरत असतो. विजेच्या जळितातही डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवता येत नाही. बोअरचा लोखंडी पाइप उभा करताना वरच्या तारेला लागून आलेल्या शेतमजुराच्या तळहातावर रुपयाएवढी जखम असते आणि आत कोपरापर्यंतचे स्नायू मेलेले असतात. अशा वेळी टक्केवारीचे सूत्र कामाचे नाही. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर ताशी ७५ ते १०० मिलिलिटर होईपर्यंत सलाईन वाढवायचे, हृदयाचा आलेख काढायचा, आणि हात घट्ट होत चालला असेल तर स्नायूंवरची आवरणे मोकळी करण्यासाठी शल्यचिकित्सकाला तातडीने बोलावायचे.

आता ज्या गोष्टीवर माझा सर्वाधिक वेळ जातो, तिच्याकडे येते. खाटेशेजारी उभे राहून टक्केवारी मोठ्याने बोलायची नाही. आपल्या समाजात हा आकडा वैद्यकीय उरलेलाच नाही. वर्तमानपत्रांतून, शेजारपाजाऱ्यांच्या बोलण्यातून “अमुक टक्के भाजली” हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते आणि त्यापुढचे वाक्यही ठरलेले असते. राउंडच्या वेळी एखादा विद्यार्थी “फिफ्टी पर्सेंट” म्हणतो, खाटेवरची बाई ते ऐकते, दाराशी उभा असलेला तिचा भाऊ ऐकतो, आणि त्या दिवशी संध्याकाळी नातेवाईक घरी नेण्याची भाषा करू लागतात. वास्तविक निव्वळ टक्केवारीवरून कोणाचेही भवितव्य सांगता येत नाही. फ्रान्समधील बो यांनी १९६१ मध्ये वय आणि टक्केवारी यांची बेरीज करण्याची जी पद्धत मांडली, तीत पुढे श्वासमार्ग भाजला असल्यास १७ मिळवावेत अशी भर पडली, आणि त्या बेरजेतूनही धोक्याचा अंदाजच मिळतो. वीस वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांच्या आजी यांच्या ४० टक्क्यांत केवढे अंतर आहे, हे विद्यार्थ्याने आधी स्वतः समजून घ्यावे, मग नातेवाइकांना बाजूला बसवून, साध्या मराठीत, आज काय करणार आहोत आणि पुढच्या दोन दिवसांत कशाकडे लक्ष ठेवणार आहोत एवढे सांगावे. रुग्णाशी बोलताना “बेड नंबर सात” चालणार नाही. मावशी, काका, ताई, जे वयाला शोभेल ते म्हणावे.

ड्रेसिंगच्या खोलीत मी एका वेळी दोन-तीनच विद्यार्थी नेते. जंतुसंसर्ग हे एक कारण आहे, कारण भाजलेल्या माणसाची कातडी, म्हणजे त्याचे पहिले संरक्षण, गेलेले असते आणि आमचे हात हाच जंतूंचा मोठा मार्ग असतो. दुसरे कारण असे की त्या खोलीत वेदना असते आणि ती गर्दीने पाहण्याची गोष्ट नाही. एका विद्यार्थ्याचे काम रुग्णाच्या उशाशी उभे राहणे आणि त्याच्याशी बोलत राहणे एवढेच असते. वेदनाशामक पुरेसे आणि वेळेवर दिले आहे का, ते शिरेतून थोडे थोडे दिले आहे का, हे ड्रेसिंग उघडण्यापूर्वी त्याने विचारायचे. मोठ्या जळितात स्नायूत टोचलेले औषध आधी शोषलेच जात नाही आणि रक्ताभिसरण सुधारले की एकदम रक्तात उतरते, म्हणून शिरेचा आग्रह. जळिताचा रुग्ण ओरडणारच, हे गृहीत धरून ड्रेसिंग करण्याची सवय विद्यार्थ्यांना लागू नये म्हणून मी फार जपते, कारण ती सवय एकदा लागली की आयुष्यभर जात नाही.

मलमपट्टीत काय वापरावे याचा विचार करताना मुंबईतल्या कामाची ओळख मी आवर्जून करून देते. वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग वापरली व तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या निर्जंतुक ड्रेसिंगचा अभ्यास केला. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी काढताना नवी आलेली त्वचा उचकटत नाही आणि दुखतही कमी. महागडी आयात ड्रेसिंग परवडत नाही, एवढे म्हणून हात टेकण्यापेक्षा आपल्या भोवतीच्या वस्तूंची शिस्तीने परीक्षा घेता येते, हे विद्यार्थ्यांनी पाहावे अशी माझी इच्छा असते. घरी कोणी नुसते पान तोडून लावू नये, हे अर्थातच सोबत सांगते. आणि रुग्ण पुढे पाठवायचा असेल तर पांढरे सल्फाडायझिन मलम थापून पाठवू नये, स्वच्छ कोरड्या कापडात गुंडाळून पाठवावे, म्हणजे पुढच्या डॉक्टरला खोली तपासता येते.

स्त्री रुग्णाचा इतिहास घेणे हे या विषयातले सर्वांत अवघड शिक्षण आहे. “स्टोव्हचा भडका उडाला” हे वाक्य खरे असू शकते, आणि सासरची माणसे खाटेला वेढून उभी असल्यामुळे उच्चारले गेलेलेही असू शकते. तिला एकटीला भेटून, घाई न करता विचारायचे, आणि ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहायचे. आपला निष्कर्ष त्यात मिसळायचा नाही. मृत्युपूर्व जबाबाला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २६ लागू होते. जबाब घेताना रुग्ण शुद्धीवर व बोलण्यास सक्षम आहे का, याची नोंद डॉक्टरकडून मागितली जाते. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले आहे की जबाब घेणाऱ्याची रुग्णाच्या मानसिक स्थितीबद्दल खात्री पटली असेल तर केवळ डॉक्टरचा दाखला नाही म्हणून जबाब बाद होत नाही. तरी दाखला मागितला असता रुग्णाला न तपासता सही ठोकणे हा त्या बाईवर अन्याय आहे, हे मी स्पष्ट शब्दांत सांगते. गुंगीचे औषध किती वाजता दिले याची नोंद इथे अत्यंत महत्त्वाची ठरते.

जखम भरली की केसपेपर बंद होतो, पण आजार संपलेला नसतो. मान भाजलेल्या रुग्णाला उशी दिली की त्याला बरे वाटते, आणि त्याच स्थितीत जखम भरली की हनुवटी छातीला चिकटते. ज्या स्थितीत आराम वाटतो त्याच स्थितीत सांधे आखडतात. म्हणून उशी काढायची, खांद्याखाली घडी ठेवायची, हात शरीरापासून दूर काटकोनात ठेवायचे, पंजा पट्टीने योग्य स्थितीत बांधायचा. ही कामे पहिल्या दिवसापासून सुरू व्हायला हवीत, आणि त्यांना औषध लागत नाही. आहाराचेही तसेच. मोठ्या जळितात शरीराची ऊर्जेची गरज दुपटीच्या आसपास जाऊ शकते, आणि अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे यांचा रोजचा हिशेब इंटर्नने मांडला नाही तर तो कोणी मांडत नाही. माझ्या प्रत्येक तुकडीतील विद्यार्थ्याला एक रुग्ण दिलेला असतो आणि पोस्टिंग संपल्यावरही त्या रुग्णाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या भेटींना त्याने हजर राहायचे असते. कोपर किती अंशांत उघडतो, दाबपट्ट्यांचे कपडे ती घालते का, खाजेमुळे झोप लागते का, घरच्यांनी आरसा काढून ठेवला आहे का, कामावर परत घेतले का, हे प्रश्न लेखी परीक्षेत नाहीत, पण मी तोंडी परीक्षेत ते विचारते.

मारिबोर येथील झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये मेलेली कातडी लवकर काढून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून जगभर जळिताच्या शस्त्रक्रियेची दिशा बदलली. निम्म्याहून अधिक शरीर भाजलेल्या माणसाच्या अंगावर मात्र रोपणासाठी पुरेशी त्वचाच नसते. शीवच्या रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली आणि नंतर राज्यात आणखी पेढ्या झाल्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ येथून त्वचेचा पातळ थर घेतला जातो, रक्तगट जुळवावा लागत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ती दीर्घकाळ टिकते. ती कायमची रुजत नाही, काही आठवडे जखम झाकून रुग्णाला जगवते. नेत्रदानाबद्दल घरोघरी माहिती आहे, तेवढी त्वचादानाबद्दल नाही, आणि हा विषय गावात सहजपणे काढू शकेल असा माणूस पुन्हा तो आरोग्य केंद्रातला डॉक्टरच आहे.

पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी मी टिपा लिहायला सांगत नाही. प्रत्येकाने एका कल्पित रुग्णासाठी संदर्भचिठ्ठी लिहायची: किती वाजता भाजला, कशाने, बंद जागेत की उघड्यावर, वजन, टक्केवारी आणि चित्र, कोणते द्रव किती व कधीपासून, दर तासाची लघवी, दिलेली औषधे वेळेसह, धनुर्वाताचे इंजेक्शन, पोलिसांना कळवल्याची नोंद, सोबत कोण आहे, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरचा फोन नंबर. मग ती चिठ्ठी रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या हातात द्यायची आणि त्याने एकही प्रश्न न विचारता पहिल्या तासाच्या सलाईनचा वेग ठरवून दाखवायचा. त्याला प्रश्न विचारावा लागला, तर चिठ्ठी पुन्हा लिहायची.